खाजरी सोयरीक

बंडोपंतांना कमान हवी होती आणि फायबरच्या शीटला सरळ राहायचं होतं. सकाळची उन्हं अंगणात आल्यापासून दोघांची झटापट चालली होती आणि अजून तरी शीटच वरचढ होती.

"पंत, हिला वाकायचंच न्हाई बगा," शीटच्या एका टोकाला लोंबकळत शिवशंकर म्हणाला. "माझ्या मेव्हणीवानी हाय. धरलं तर व्हय म्हणती, सोडलं की पुन्हा हाय तशी."

"मग सोडायलास कामून? धर!"

"धरलाव की! नाकावर माशी बसली म्हणून जरा एक हात..."

तो एक हात सुटला. शीट सटकन सरळ झाली आणि बंडोपंतांची टोपी उडून शेवग्याच्या झाडावर जाऊन बसली.

बंडोपंतांनी उभा जन्म भूमापन खात्यात काढला होता. बिदर आणि गुलबर्ग्याच्या तालुक्यांतून साखळी ओढत लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरची भांडणं ऐकली, आणि निवृत्त होऊन राजेश्वर गावातल्या आपल्या घरी परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं, "नलिनी, आता आपण हिंडायचं." नलिनीबाई हिंडायला तयार होत्या, पण लॉजवर उतरायला तयार नव्हत्या. "त्या चादरीवर आधी कोण झोपलं हुतं, पाय धुऊन झोपलं हुतं का, कुणाला ठाऊक?" म्हणून बंडोपंतांनी घरच बरोबर न्यायचं ठरवलं. गाडीच्या मागं जोडायचं, दोन माणसं सुखानं झोपतील एवढं, चाकांवरचं घर.

शिवशंकर शेजारचा शेतकरी. त्याच्याकडं ट्रॅक्टर होता, वेल्डिंगचं मशीन होतं आणि तुरीच्या राशी उरकल्यामुळं वेळही होता. दोघांनी मिळून एका जुन्या ट्रॉलीवर लोखंडी सांगाडा उभा केला. दोन्ही बाजूंना सपाट शीटा बसल्या, मागची भिंत बसली, छतही बसलं. अडलं ते तोंडाशी. वारा कापत जायचा तर पुढची बाजू गोल हवी, आणि तिथं ही हैदराबादहून आणलेली सपाट शीट वाकवायची होती. शिवशंकरनं आधी तिच्यावर उकळतं पाणी ओतलं. मग बांबू वाकवतात तशी ती जाळावर धरली. शीट वाकली नाही, फक्त दोन गल्ल्यांपर्यंत घाण वास गेला. शेवटी पंतांनी मोबाइलवर चार व्हिडिओ बघून निदान केलं की फायबरला ताप चालत नाही. त्याला थंड डोक्यानं, हळूहळू, सांगाड्याच्या कमानीवर पट्ट्यानं ओढायचं. जिथं फारच वळण असेल तिथं ग्राइंडरनं चिरा पाडायच्या आणि आत डिंक भरायचा.

"तो डिंक सुकंपर्यंत मात्र सोडायचं न्हाई," पंत म्हणाले. "सुकला की मग जन्मभर वाकलेलीच ऱ्हाती."

"लग्नासारखं हाय की मग," शिवशंकर म्हणाला.

लग्नाचं नाव निघालं आणि दारात नलिनीबाई उभ्या राहिल्या. काखेत धुण्याची बादली होती आणि कपाळावर आठी होती.

"अहो, आज कोण येणार हायेत, ध्यानात हाय का?"

"हाय की. गुलबर्ग्याचे पाहुणे. चारला."

"चारच्या आधी हे डबडं झाकायचं. ताडपत्री टाकायची. आणि त्यांच्यासमोर ह्याचं नावसुद्धा काढायचं न्हाई. पोरीची सोयरीक व्हायलीय. बाप अंगणात चाकाचं घर करत बसलाय म्हणल्यावर काय इचार करतील ते?"

सुकन्या त्यांची एकुलती एक. गुलबर्ग्याच्या कॉलेजात शिकवायची. तिथंच दातांचा दवाखाना असलेल्या अपूर्वशी तिचं जुळलं होतं. पोरांनी आपलं ठरवून टाकलं होतं, आता फक्त मोठ्या माणसांनी एकमेकांना बघून मान हलवायची बाकी होती. पण अपूर्वचे वडील संकर्षणराव म्हणजे कोर्टातले शिरस्तेदार. ते मान हलवण्याआधी दोन्ही बाजू ऐकून घेत, असं सुकन्यानं सांगून ठेवलं होतं. म्हणूनच नलिनीबाईंनी सोफ्याच्या खोळी, दिवाणावरची चादर, उशांचे अभ्रे आणि घरातले झाडून सगळे टॉवेल पहाटेच धुऊन काढले होते. ते सगळं त्यांनी अंगणातल्या दोरीवर वाळत घातलं आणि त्या स्वैपाकाला लागल्या.

बंडोपंतांनी ग्राइंडर हातात घेतला. फायबरची भुकटी अंगाला लागली तर खाज सुटते हे त्यांनी व्हिडिओत ऐकलं होतं, आणि ते सावध माणूस होते. त्यांनी रेनकोट चढवला, हातमोजे घातले, डोळ्यांना गॉगल लावला, तोंडाला मफलर गुंडाळला. मधाचं पोळं काढायला निघाल्यासारखे दिसत होते.

"तूबी काही घाल अंगात," ते शिवशंकरला म्हणाले.

"खाजच ना? तुरीच्या भुशात लोळून मोठा झालाव मी," म्हणत त्यानं बनियनवरच शीट दाबून धरली.

ग्राइंडर किंचाळला. पांढरी, मऊ भुकटी हवेत उठली आणि वाऱ्यावर तरंगत निघून गेली. वारं पश्चिमेचं होतं. दोरी पूर्वेला होती. पंतांचं सगळं लक्ष चिरांकडं होतं. काम संपवून त्यांनी गॉगल वर केला तेव्हा त्यांना दोरीवरचे कपडे दिसले. उन्हात चादर नुसती चमचमत होती.

"आयो!" पंत म्हणाले.

त्यांनी धावत जाऊन एकेक कपडा झटकला. झटकल्यानं वरची भुकटी खालच्या कपड्यावर बसली. मग तोही झटकला. शेवटी सगळं घडी करून त्यांनी आत नेलं. नलिनीबाई कणीक मळत होत्या. नवऱ्याच्या हातात घडी केलेले कपडे बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"तुम्ही आणलात?"

"तुला कामं हायेत म्हणून..."

"न सांगता?"

आणि नलिनीबाई हसल्या. साधंसुधं नाही, लग्नातल्या फोटोत हसल्या होत्या तसं. एवढ्या वर्षांत पंतांनी दोरीवरचा रुमालसुद्धा कधी काढला नव्हता. त्या हसण्यापुढं खरं सांगायची पंतांची छाती झाली नाही. झटकलंय की आपण, त्यांनी स्वतःची समजूत घातली, उरून उरून किती उरलं असंल?

नलिनीबाईंनी कौतुकानं खोळी चढवल्या आणि चादर अंथरली.

पंत अंगणात परतले. दोन डब्यांतलं पातळ एकत्र करून डिंक घोटला, चिरांत आणि कमानीवर फासला. शीट लावली, पट्टा टाकला, खटका ओढला. शीट कुरकुरली, वाकली, अगदी हवी तशी कमानीवर टेकली. पंतांच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात पट्ट्याचा खटका कट्कन तुटला.

"धर!" पंत ओरडले. शिवशंकरनं झेप घेऊन शीट छातीनं दाबली. पंतांनी दोरखंड आणला, शीटवरून घेतला, लिंबाच्या बुंध्याला वेढा दिला आणि टोक शिवशंकरच्या हातात दिलं. गाठ मारली तर ताण जातो, म्हणून धरूनच राहणं भाग होतं. वरून ताडपत्री टाकली.

"डिंक सुकंस्तोवर सोडायचं न्हाई, शिवा. मी हायेच हितं."

आणि दारात गाडीचा हॉर्न वाजला. शिरस्तेदार वेळेच्या आधी हजर राहणारे गृहस्थ होते. जेवणाची भांडीसुद्धा अजून घासून झाली नव्हती.

पंतांनी रेनकोट काढून फेकला, तोंडावर पाणी मारलं आणि ते बैठकीत धावले. संकर्षणराव उंच, सडपातळ आणि बारीक काठाच्या चष्म्यातून बघणारे होते. विभाबाई गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. मागं अपूर्व, नव्या शर्टात अवघडलेला.

"बसा की," नलिनीबाई म्हणाल्या.

विभाबाई आणि अपूर्व सोफ्यावर बसले. संकर्षणराव बसायला निघाले, पण यजमान उभेच आहेत हे त्यांच्या लक्षात आलं.

"आपण बसा, पंत."

"न्हाई, मी उभाच बरा."

"तसं कसं? घरधनी उभे आणि आम्ही बसायचं? ते योग्य न्हाई."

"मला उभं ऱ्हायची सवय हाय. शेतातली नोकरी."

"मग आम्हीबी उभेच ऱ्हातो."

दोन कर्ते पुरुष बैठकीच्या मधोमध एकमेकांकडं बघत उभे राहिले. शेवटी नलिनीबाईंनी डोळे वटारले तेव्हा पंत दिवाणाच्या अगदी काठावर टेकले. त्यांच्या शेजारी संकर्षणराव ऐसपैस बसले.

सुकन्या पोहे घेऊन आली. विचारपूस सुरू झाली. विभाबाईंचं माहेर कमठाण्याचं निघालं, नलिनीबाईंची आत्या तिथंच दिलेली निघाली. गाडं रुळावर येत होतं. तेवढ्यात विभाबाईंनी पदर सारखा केला. मग पुन्हा सारखा केला. मग पदराच्या आतून हात घालून त्या बराच वेळ काहीतरी सारखं करत राहिल्या. संकर्षणरावांनी खिशातलं पेन काढलं, आणि काही लिहायचं नसताना ते सावकाश पाठीमागून कॉलरमध्ये घातलं. नलिनीबाईंनी टॉवेलला हात पुसले आणि मग तळहात एकमेकांवर घासत बसल्या. अपूर्व एका जागी बसून सोफ्यावर हळूहळू डावी-उजवीकडं सरकत होता. चार माणसांत अंग खाजवणं बरं दिसत नाही, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं.

"सोडू का?" मागच्या अंगणातून आवाज आला.

"सोडू नगो!" पंत इथूनच ओरडले.

संकर्षणरावांनी चष्म्यावरून बघितलं. "कोण?"

नलिनीबाई पुढं झाल्या. "म्हैस हाय," त्या म्हणाल्या.

"म्हैस विचारायलीय?"

"न्हाई, शिवशंकर. शेजारचे. म्हैस... व्यायला झालीय ना, तिला धरून बसलेत."

विभाबाईंचा चेहरा उजळला. "अगं बाई! पहिलारू हाय का?"

"व्हय, पहिलारूच," नलिनीबाई म्हणाल्या, आणि पंतांकडं असं बघितलं की ते पाप सगळं तुमच्या नावावर.

"पंत, हात भरून आलेत हो!" पुन्हा आवाज. "लई ताणायलीय!"

"अडलीय वाटतं," विभाबाई उठल्याच. "आमच्याकडं माहेरी पाच म्हशी हुत्या. रेडकू आडवं आलं तर मीच वळवायची. बघू का?"

"नको, नको!" पंत आणि नलिनीबाई एकदम म्हणाले. "अनोळखी माणूस बघितलं की मारती."

विभाबाई नाइलाजानं बसल्या आणि दोन्ही हातांनी दंड घासू लागल्या. नलिनीबाईंनी ते बघितलं, त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, आणि "अहो, जरा आत या," म्हणत त्या स्वैपाकघरात गेल्या.

"त्यांच्या घरात काहीतरी हाय," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आई खाजवायलीय, बाप खाजवायलाय, पोरगं तर सोफ्यावर घासायलंय नुसतं. खरूज हाय, दुसरं काय? आणि बघा, आल्या आल्या मलाबी लागली! माझे हात बघा!"

"अगं, तसं नसंल..."

"तसंच हाय! पोरगा डॉक्टर म्हणं! घरची खाज जाईना, लोकांचे दात काय काढणार? मी पोरगी देणार न्हाई."

आता सांगावं तर ते डबडं, ती भुकटी, ते धुणं आणि ते हसू, सगळंच उघडं पडणार. न सांगावं तर लेकीचं लग्न मोडणार. पंत शब्द जुळवत बैठकीकडं निघाले तर वाटेत, माजघराच्या दाराआड, सुकन्या आणि अपूर्व उभे होते.

"आई विचारायलीय," अपूर्व मनगट खाजवत म्हणत होता, "तुमच्याकडं सगळ्यांना पहिल्यापासून हे हाय का? म्हणजे, घराण्यात?"

"आमच्याकडं? तुम्ही आल्यावर सुरू झालंय!"

"आमचे अप्पा म्हणायलेत हे संसर्गजन्य हाय."

"तू डॉक्टर हायेस ना? तू सांग की."

"मी दातांचा हाय, सुकन्या!"

"मग दातांपुरतं बोल," सुकन्या म्हणाली. तिनं तोंड फिरवलं. लहानपणी पतंग कटला की ती अशीच तोंड फिरवायची, रडते आहे हे दिसू नये म्हणून. पंतांना राहवलं नाही. ते थेट बैठकीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मागोमाग नलिनीबाई आल्या, पोरंही आली.

संकर्षणराव उभे होते. पाठ दाराच्या चौकटीला लावून ते हळूच वरखाली होत होते. पंतांना बघून थांबले आणि घसा खाकरला. "पंत, एक गोष्ट आमच्या ध्यानात आलीय. सोयरीक म्हणजे दोन्ही बाजूंनी काही लपवाछपवी नसावी..."

"न्हाई, आधी मी बोलतो," पंत म्हणाले. "संकर्षणराव, खरं सांगायचं तर—"

"अय्यय्यो!" अंगणातून आरोळी आली. "पंत, लई खाजायलंय! मला दोन्ही हात पायजेत!"

"शिवा, नगो!"

धडाम!

खिडक्यांची तावदानं थरथरली. छपरावरची कबुतरं उडाली. एक मोठी निळी ताडपत्री खिडकीबाहेरून भिरभिरत गेली.

"व्याली बाई!" विभाबाई ओरडल्या, आणि सगळ्यांच्या आधी मागच्या दारातून बाहेर धावल्या.

अंगणात म्हैस नव्हती. तोंड नसलेलं एक चाकाचं घर होतं, त्याच्यापुढं एक लांबलचक शीट डोलत होती, ताडपत्री भिंतीपलीकडं पाहुण्यांच्या गाडीवर पसरली होती, आणि एक बनियन घातलेला माणूस लिंबाच्या झाडाला पाठ घासत स्वर्गसुखात डोळे मिटून उभा होता.

"हे काय?" संकर्षणरावांनी विचारलं.

आणि बंडोपंतांनी सगळं सांगितलं. घर, कमान, ग्राइंडर, वारं, दोरी, चादर. काही ठेवलं नाही. बोलताना त्यांनी कुणाकडं बघितलं नाही, शेवटी फक्त नलिनीबाईंकडं बघितलं. "तू हसलीस," ते म्हणाले, "म्हणून सांगितलो न्हाई."

नलिनीबाईंनी तोंड उघडलं. पंतांनी मान खाली घातली.

"म्हणजे," नलिनीबाई म्हणाल्या, "ह्या लोकांना खरूज न्हाई?"

शब्द निघून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात धरला. विभाबाईंचे डोळे मोठे झाले.

"अगं बाई, तुम्ही आमच्याबद्दल असं...?" त्या म्हणाल्या, आणि एकाएकी त्यांना हसू आवरेना. "आम्ही तुमच्याबद्दल तेच म्हणायलाव की! हे तर म्हणले, निघताना हातसुद्धा मिळवायचा न्हाई!"

"विभा, ते खासगीत म्हणलं हुतं," संकर्षणराव म्हणाले. पण त्यांच्याही मिशा हलायला लागल्या होत्या. त्यांनी एकदा आजूबाजूला बघितलं, शिवशंकरच्या शेजारी लिंबाची मोकळी बाजू गाठली आणि पाठ टेकवून, शिरस्तेदाराच्या सगळ्या इतमामानं, ती घासली. "आहाहा," ते म्हणाले.

त्यानंतर औपचारिकता कशी राहणार? पंतांनी चिकटपट्टीची रिळं आणली. अंगावर पट्टी चिकटवायची आणि ओढायची, म्हणजे भुकटीतल्या बारीक काचा निघून येतात. नलिनीबाई विभाबाईंच्या दंडावरून पट्ट्या ओढू लागल्या, विभाबाई नलिनीबाईंच्या. दर पट्टीला दोघी "आई गं" म्हणत आणि हसत. सुकन्यानं अपूर्वच्या मानेला एक पट्टी लावली आणि जरुरीपेक्षा जास्त जोरात ओढली. "ही, 'घराण्यात' म्हणलास त्याच्याबद्दल," ती म्हणाली. मग सगळ्यांनी थंड पाण्यानं अंघोळी केल्या. कपाटातले कपडे तेवढे शाबूत होते. थोड्या वेळानं संकर्षणराव पंतांच्या लुंगीत, विभाबाई नलिनीबाईंच्या जुन्या पातळात आणि अपूर्व पंतांच्या ढगळ सदऱ्यात अंगणात बसून चहा पीत होते.

"पंत," शिवशंकर कमानीला बोट लावून म्हणाला, "डिंक अजून ओला हाय. पर आता धरायला लागलाय. आज शीट बसली तर बसली."

पंतांनी पाहुण्यांकडं बघितलं. "ऱ्हाऊ दे रे. पाहुणे हायेत."

"पाहुणे कशाला म्हणायलात?" विभाबाईंनी कप खाली ठेवला आणि पदर खोचला. "म्हैस तर दाखवली न्हाईत, निदान हे तरी करू द्या."

सगळे उठले. पण प्रत्येक जण आपल्या मनानं ओढायला लागला आणि शीट पुन्हा उसळली. तेव्हा, इतके महिने ज्याला डबडं म्हणून हिणवलं त्या घरासमोर नलिनीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"थांबा सगळे! पापड लाटताना एकाच बाजूनं दाबता का? दोन्हीकडनं सारखं आलं पायजे. विहीणबाई, तुम्ही त्या अंगाला. मी ह्या अंगाला. पोरांनो, मधी तळहातानं दाबा, बोटानं न्हाई. व्याही, तुम्ही दोरी. आणि तुम्ही..." त्या नवऱ्याकडं वळल्या, "तुम्ही बाजूला व्हा."

"मी? अगं, माझी कमान हाय!"

"म्हणूनच."

पंत बाजूला झाले. दहा-बारा हात एका लयीत पुढं सरकले. शीट एकदा हलली, आणि कसलीही कुरबूर न करता कमानीवर अलगद येऊन बसली. ती तशी दाबून धरून सगळे उभे राहिले, उन्हं कलेपर्यंत. उभ्या उभ्या लग्नाची बोलणी झाली. लग्न कुठं, कार्यालय कोणतं, मुलीनं नोकरी सोडायची नाही, जेवणात गव्हाची हुग्गी हवी की नको. हात गुंतलेले असल्यामुळं कुणालाच उठून रुसता येईना, म्हणून सगळं चटचट ठरलं. संकर्षणराव शेवटी म्हणाले, "आमची हरकत न्हाई," आणि लुंगी सावरायला दोरी सोडणार तोच पाच जण एकदम ओरडले.

लग्न झालं. घरही झालं. बंडोपंतांनी त्याला दोन खिडक्या बसवल्या, आत दोन बिछाने केले आणि पांढऱ्या अंगावर निळा पट्टा रंगवला. पहिली फेरी गाणगापूरची करायची ठरली. आदल्या दिवशी व्याही-विहीण मुक्कामाला आले, निरोप द्यायला म्हणून.

"माझी पिशवी आत ठेवलीस का?" सकाळी पंतांनी विचारलं.

"तुमची कशाला?" नलिनीबाई म्हणाल्या. "दोनच बिछाने हायेत. मी आणि विहीणबाई जायलाव. गाडी त्या चालवतात. तुम्ही घोरता, पहाटे दर्शनाला उठायला नगो म्हणता. घरी बसा निवांत. व्याह्यांना सोबत हुतीय."

पंत काही बोलायच्या आत विभाबाईंनी गाडी चालू केली. पांढरं घर राजेश्वरच्या रस्त्यानं हेलकावत गेलं. चहाच्या टपरीवरचे लोक उठून बघत होते, पोरं मागून धावत होती, आणि दोघी विहिणी गाडीच्या खिडक्यांतून हात हलवत होत्या.

त्या संध्याकाळी फोन आला. "अहो, ऐका," नलिनीबाईंचा आवाज आला. "उद्या येणार हुतो ना, ते न्हाई जमायचं. आम्ही तुळजापूर करून येतो. दुपारी झाडाखाली लावून झोपलो, अशी झोप लागली म्हणता! माझी चादर, माझी उशी. लई चांगलं केलात हो घर. तूप फडताळात हाय." आणि फोन बंद झाला.

बंडोपंत कट्ट्यावर बसले. शेजारी संकर्षणराव बसले होते. दोघांनी अंगणातल्या रिकाम्या जागेकडं बघितलं. तिथं फक्त चाकांचे माग होते.

"तुळजापूरनंतर कुठं म्हणायलेत?" संकर्षणरावांनी विचारलं.

"ते सांगितलं न्हाई."

संकर्षणरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठून त्यांनी सदऱ्याच्या बाह्या काळजीपूर्वक वर दुमडल्या.

"पंत," ते म्हणाले, "त्या शिवशंकरला हाक मारा. त्याच्याकडं आणखी एखादी जुनी ट्रॉली हाय का, विचारू."